काकूंचं ‘समजलं’

तायडे सर गेल्यापासून राजापेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात नुसते किस्से येऊन राहिलेत. ज्याला त्याला सरांचा एक तरी आठवतो. कॉलेजवाले, क्लासवाले, शेजारचा झेरॉक्सवालासुद्धा! मी चहा मागवतो, ऐकतो आणि चिडतो, कारण अर्धे किस्से बनावट असतात. सरांची मराठीतली प्रोग्रामिंगची आठ पुस्तकं मी टाइप केली. नववं माझ्या टेबलावर आहे. तेव्हा आता माझे ऐका.

*

पहिलं पुस्तक सी भाषेवरचं. अकोल्याला जुन्या शहरातल्या एका दुकानात सर नाव न सांगता ते मागायला गेले. दुकानदारानं सरांचे पांढरे केस पाहिले आणि पुस्तक हाताखाली दाबून धरलं.

"काका, डायरेक्ट सी? ए अन् बी झालं का तुमचं?"

सर परत आले ते थेट माझ्याकडे. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत एक ओळ वाढली: ‘ए आणि बी येत नसले तरी चालेल!’

*

पुस्तकात सर स्वतःचा फोन नंबर द्यायचे. एकदा सर माझ्या दुकानात असताना मोर्शीहून एका पोरीचा फोन आला; सरांनी स्पीकर लावला.

"सर, पाचव्या धड्यावरून प्रोग्राम लिवला. बरोबर हाय का?"

"मंग चालवून पाह्य न बाई."

"कम्प्युटर नाई सर. वहीत लिवला."

मला हसू आलं. सर मात्र म्हणाले, "वाच." ती एकेक ओळ वाचत गेली आणि सर डोळे मिटून बोटांवर मोजत गेले. शेवटी म्हणाले, "छत्तीस येते."

"मलेई छत्तीसच आलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू गेलं.

सरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "लेकरापाशी मशीन नाई, अन् मी पुस्तकं लिवून राहिलो." त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

*

दवाखान्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी सोबत होतो. सरांना लाल पेनाशिवाय वाचता यायचं नाही. त्यांनी एका शब्दाला गोल केला.

"डॉक्टर, हे स्पेलिंग चुकलं हाय." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मंग बाकीचंई चुकलं असंल का रे?"

मला तर तिथंच रडू आलं.

*

सरांचा एक नियम होता. धडा हातानं लिहायचा (हो, कम्प्युटरवाले असून हातानं!) आणि आधी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वाचून दाखवायचा. काकू सातवी पास. मेथी निवडता निवडता ऐकायच्या. "समजलं" म्हणाल्या की धडा माझ्याकडे. "नाई समजलं" म्हणाल्या की पुन्हा लिहायचा. मी एकदा बोललोच, "सर, काकूंना काय कळतं यातलं?"

"तिले समजलं तं समद्याइले समजते," सर म्हणाले.

*

नववं पुस्तक आजारपणातलं. शेवटचा धडा राहिला होता, रिकर्शनचा. म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनचा. आम्ही त्यांच्या घरी जेवताना सर सहज बोलून गेले, "एवढा धडा झाला का मी मोकळा." काकू पोळी वाढत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी सरांनी धडा वाचून दाखवला.

"नाई समजलं," काकू म्हणाल्या.

सरांनी पुन्हा लिहिला. नाई समजलं. पुन्हा लिहिला. सात वेळा, राजेहो! पेन धरवत नव्हतं, तरी उशीला टेकून लिहायचे. शेवटी मीच स्वयंपाकघरात गेलो.

"काकू, एकदा हो म्हणा न! माणूस किती थकला!"

"नाई समजलं तं कसं म्हणू?" पाठमोऱ्याच बोलल्या. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा भयंकर राग आला.

आठव्यांदा लिहिता लिहिता एका दुपारी सर गेले.

*

सरांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. मी सातही खर्डे काकूंपुढे ठेवले.

"काकू, यातला कोणता छापू?"

त्यांनी सगळ्यात खालचा ओढला, पहिला. चष्मासुद्धा लावला नाही.

"फंक्शन सोतालेच हाक मारते. थांबायची अट लिवली नाई, तं हाक मारतच रायते. हेच हाय न यात?"

मी खर्डा चाळून पाहिला; तेच होतं.

"काकू, हे तुम्हाला समजलं कधी?"

"पयल्याच दिवशी."