साडूभाऊंची चूल

जमिनीच्या वरचं काहीही न बघता आयुष्य काढलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्या लग्नात त्यांनी नवरदेव बघितलाच नव्हता. मांडवाच्या खांबासाठी खणलेला खड्डा मात्र निरखून बघितला आणि "हा भराव आहे, मूळ माती नव्हे," असं भर कार्यात सासऱ्यांना बजावून आले. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झाल्यावर तरी मान वर करतील, असं माझ्या मेहुणीला वाटलं होतं. पण तेवढ्यात मोखाड्याच्या डोंगरपाड्यांना नळाचं पाणी द्यायचं ठरलं. जलवाहिनीचा चर खणताना जमिनीतून काही जुनं निघतं का, हे बघायला जाणता माणूस हवा होता. मी मोखाड्याला शाळेत मास्तर. साहजिकच साडूभाऊ एक ब्रश, एक गवंड्याची करणी आणि दोन सदरे घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले.

त्या मुक्कामात आमचं घर म्हणजे उत्खननाची जागा झालं. कांदा ते वरून खाली थराथराने सोलायचे आणि मधला एखादा थर नासका निघाला की त्या वर्षी पाऊस कसा पडला असेल यावर बोलायचे. खापर दिसलं की जिभेला लावायचे. जुनं खापर जिभेला चिकटतं म्हणे. एकदा बायकोच्या हातून माठ फुटला. ती हळहळते आहे तोवर हे "कोणी हलू नका!" म्हणून ओरडले, ब्रशने तुकडे झाडले, पिशवीत भरले आणि वर चिठ्ठी लावली : स्वयंपाकघर, ईशान्य कोपरा. "भाऊजी, परवाच्या बाजारातला माठ होता हो तो," बायको म्हणाली. "आज तसा आहे, सुमन. हजार वर्षं धीर धर." एकदा फिरायला जवळच्या शिरपामाळला नेलं, तर सगळे महाराजांच्या मुक्कामाची जागा बघून फोटो काढताहेत आणि हे ओणवे होऊन गवत विंचरताहेत. कोणाला वाटलं, यांची अंगठी पडली. बघता बघता ठाण्याहून आलेली अख्खी सहल गुडघ्यांवर. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

कामावर तर ते जेसीबीच्या पुढे दोन्ही हात पसरून उलटे चालत. चालक बिहारचा. "चाचा, पत्थर ही है!" तो कळवळून सांगे. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर चराच्या कडेला काळी राख लागली आणि साडूभाऊंनी काम बंद पाडलं. प्राचीन वस्ती, आगीत जळालेली! ही बातमी ऐकून जमिनीची मालकीण सोमीबाय आली. पाड्यावर सगळ्यांनाच अरेतुरे असतं. "बाबा, ता माझा राब हाय," ती म्हणाली. "तुझां गाव दरसाल मीच जाळते." भातनागलीचं रोप टाकायच्या जागी पालापाचोळा आणि शेण पसरून दरवर्षी भाजतात, तो राब. पाडा आठवडाभर हसत होता.

आणि मग, त्या राबाच्या अलीकडेच, चरात खोल तीन दगड निघाले. मध्ये भाजून लाल झालेली माती, भोवती जाड खापरं. साडूभाऊंनी एक तुकडा जिभेला लावला आणि त्यांचे डोळे भरून आले. राखेच्या फजितीनंतर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय काम थांबवलं तर तपासणी होईपर्यंत यंत्र दुसऱ्या तालुक्यात जाणार आणि बायकांना आणखी एक उन्हाळा झऱ्यापर्यंत उतरावं लागणार. न थांबवावं, तर लोखंडी दात चुलीवरून जाणार. चर जरा सरकवता आला असता, पण बाजूला सोमीबायचा राब, तोही पाला पसरून भाजायला तयार. साडूभाऊंनी मान वर करून कडेला उभ्या सोमीबायकडे बघितलं. जमिनीच्या वरचं काही बघताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"बाय, चूल आहे," ते म्हणाले.

"कोणाची?"

"ठाऊक नाही. फार जुनी आहे."

सोमीबायने चपला काढल्या, वाकून बघितलं. "चुलीवरून आम्ही पाय नाय टाकत. तुम्ही लोक पायप कसा न्याल?" एवढं बोलून ती राबाच्या कडेचा पाला स्वतःच ओढून बाजूला करायला लागली.

पाणी त्याच उन्हाळ्यात आलं. सरळ आलेली जलवाहिनी तिथे तेवढी कोपरासारखी वाकते. साडूभाऊंनी चुलीची चित्रं काढली, फोटो घेतले आणि आपल्या हाताने तिच्यावर माती लोटली. "जन्मात एक सापडली, तीही पुरलीत?" बायकोने विचारलं. "जिथली तिथे बरी," ते म्हणाले.

आता त्यांचे गुडघे गेले. नाशकात तिसऱ्या मजल्यावर असतात; माती तीन मजले खाली. राबाच्या दिवसांत दरवर्षी त्यांचा फोन येतो. "चूल आहे ना?" आणि लगेच, "सोमीबायच्या नळाला पाणी येतं ना?" तेवढ्यासाठी मी वाट वाकडी करून पाड्यावर जातो. या माणसावर माझा फार जीव आहे. त्यांना हे कधी सांगितलेलं नाही, एवढंच.

यंदा सोमीबायने निरोप दिला, "बाबाला सांग, येऊन जा. आमचा डोंगर बघितलाच नाय त्याने, सारखी मान खाली."

मी फोनवर तो जसाच्या तसा सांगितला.

"एकदा केली होती की वर," साडूभाऊ म्हणाले. "तेव्हाच दिसला."