आठल्येबाईंची आत आत जाणारी फाईल

आमच्या मंदाकिनी अपार्टमेंटच्या सेक्रेटरी आठल्येबाई यांनी सगळ्या बिल्डिंगचे फोन नंबर एका कर्जवाल्या कंपनीला विकले आणि त्यातून ती करकरीत स्कूटर घेतली, अशी बातमी मध्यंतरी सदाशिव पेठेत फिरत होती. फिरत होती म्हणजे, आमच्या जिन्यातून निघून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत आणि तिथून अर्ध्या लिटर दुधाबरोबर घरोघर. ती मी पसरवली असं काही जण म्हणतात. साफ खोटं. मी फक्त तिला वाटेत अडू दिलं नाही.

खरं असं, की स्कूटर नाशिकच्या भावाची, जुनी. बाईंनी आठवडाभर घासून ती करकरीत केली. आणि नंबर विकायचे म्हटले तरी घेणार कोण? बाईंच्या नंबरांच्या फाईलवरून आमच्या चेअरमनना, म्हणजे हिंमतरावांना फोन करायला जावं, तर पलीकडून बोलतात त्यांच्या स्वयंपाकाच्या सोजरबाई. सोजरबाईंशी बोलून कर्ज गळ्यात मारू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय.

तर प्रियदर्शनी आठल्ये. वय अठ्ठावन्न, दुसरा मजला, आमच्या बरोबर समोर. लग्न केलं नाही, का म्हणून विचारलं की म्हणतात, "रजा मंजूर झाली नाही." आयुष्य गेलं एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. बँकेने त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा सॉफ्टवेअर बदललं, आणि तिन्ही वेळा जुन्या फायली उघडेनात. तेव्हापासून बाईंचा विश्वास फक्त नोटपॅडवर. साधी अक्षरं. ना चौकटी, ना रंग, ना बटणं.

"ही फाईल कुठल्याही मशिनवर उघडते," त्या मला एकदा म्हणाल्या. "मी मेल्यावरसुद्धा उघडेल."

"तेव्हा कोण उघडणार?" मी म्हटलं.

"तुम्ही. तुम्ही कसले थांबताय मी मरेपर्यंत?"

या फाईलमध्ये बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचा पत्ता लागतो. सगळ्यात डावीकडे, कडेला चिकटून, मजल्याचं नाव. त्याखाली थोडी मोकळी जागा सोडून फ्लॅट. त्याखाली आणखी जागा सोडून माणसं. इथपर्यंत कुणीही लिहील. पण बाईंचा स्वतःचा एक नियम आहे. घरात जो फोन उचलतो तो वर. जो स्वतः उचलत नाही, त्याचं नाव उचलणाऱ्याच्या खाली, अजून थोडं आत. वय बघायचं नाही, घर कुणाच्या नावावर आहे ते बघायचं नाही, पाटीवर कुणाची पदवी आहे तेही नाही. म्हणून हे असं:

तिसरा मजला
    फ्लॅट सात
        सोजरबाई (स्वयंपाक, दोन्ही वेळा)
            हिंमतराव (चेअरमन)
            ऋतिका (मुलगी, कानात हेडफोन)

पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर त्यांच्या कंपाउंडरच्या आत आहेत. तळमजल्यावर स्पर्धा परीक्षावाली पोरं राहतात, ती सगळी समोरच्या मेसवाल्याच्या आत. मी माझ्या बायकोच्या, अक्षताच्या आत. त्यात मला नवीन काही वाटलं नाही. आंतरपाट दूर झाला तेव्हापासून तीच व्यवस्था चालू आहे.

ही मोकळी जागा बाई स्पेसबारवर एकेक टिचकी मारून सोडतात. टॅबचं बटण वापरत नाहीत. "त्याचा भरवसा नाही. एका मशिनवर इवलासा सरकतो, दुसऱ्यावर थेट शेजारच्यांच्या घरात." शेजाऱ्यांच्या घरात न विचारता शिरणाऱ्यांबद्दल बोलताना त्या नेहमी माझ्याकडेच का बघतात, कळत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई फाईलचा छापलेला कागद घेऊन घरोघर बेल वाजवतात आणि विचारतात, "काही बदल?" बदल कधीच नसतो. पण नसतो हे सांगायला प्रत्येक घरी एक कप चहा लागतो, आणि वर कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाचा रिझल्ट. रात्र पडेस्तोवर त्यांची फेरी चालते. बाकीचा महिना बाईंच्या दारात कुरिअरवाल्याशिवाय कुणी फिरकत नाही. हे मी सांगतो म्हणजे खात्रीचं समजा.

इतकी वर्षं तो कागद बाईंनी कुणाच्या हातात दिला नव्हता. मग एकदा टाकी वाहिली, कुणाला कळवावं ते आमच्या वॉचमनला, बापूरावांना कळेना, म्हणून बाईंनी त्यांना एक प्रत दिली. बापूरावांनी ती हरवू नये म्हणून मीटरच्या खोलीच्या दारावर डकवली. संध्याकाळी सगळी बिल्डिंग विजेचं मीटर बघायला आली.

हिंमतरावही आले. हे मूळचे लोणी काळभोरचे, जमीनजुमलावाले. बायको अजून तिकडे शेती बघते, हे मुलीच्या शिक्षणासाठी पेठेत आले ते इथलेच झाले. इथे आल्यापासून बोलणं एकदम पुस्तकी. रागावले की मात्र थेट लोणीला पोहोचतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"आठल्येबाई! लोणीत लोक माझं घर सांगून पुढचा रस्ता सांगत्यात. आणि इथं मी स्वयंपाकाच्या बाईच्या आत हाय?"

"परवा टाकी वाहत होती तेव्हा आपल्याला फोन करून करून माझं बोट दुखलं," बाई म्हणाल्या. "शेवटी सोजरबाईंना लावला, तेव्हा निरोप पोहोचला. तोवर पार्किंगमध्ये नावा चालवायच्या बाकी होत्या."

"फोन चार्जिंगला असतो माझा!"

"असतो ना. पिठाच्या डब्यावर. बारा महिने तेरा काळ."

"ते काही नाही. सगळ्यांना एका रेषेत घ्या."

"एका रेषेत किराणा लिहितात. माणसं एका रेषेत राहत नाहीत."

झालं. रविवारी गच्चीवर मीटिंग ठरली. विषय एकच: फाईल बंद करणे, ॲप सुरू करणे, आणि ॲपबरोबर नवीन सेक्रेटरी नेमणे. पद जाण्याचं बाईंना काहीच नव्हतं. त्यांना ते मुळात गळ्यात पडलेलं. पण अक्षता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "फाईल गेली तर बाईंनी कुणाची बेल वाजवायची आणि काय निमित्त सांगून?" मला काही गमतीचं सुचलं होतं, ते मी गिळलं.

मीटिंगला ऋतिका लॅपटॉप घेऊन आली. हिंजवडीला नोकरी, मुलगी गोड.

"काकू, नो ऑफेन्स हां, पण नोटपॅड? सिरियसली? हे बघा, किती क्लीन आहे. सगळे इक्वल. सगळे एका लिस्टमध्ये."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी तू एक आणलं होतंस ना, पार्किंगचं. ते कुठे गेलं?"

"ते... शटडाऊन झालं."

"हं," बाई म्हणाल्या. पुणेरी माणसाचा हा 'हं' दोन पानी पत्राच्या बरोबरीचा असतो.

हिंमतराव खुर्ची पुढे ओढून बसले. ॲपमध्ये त्यांचं नाव पहिलं, कडेला चिकटून, वर कुणी नाही. माणूस इतका खूश होता की चहाची ऑर्डरही त्यांनीच दिली. ऋतिकाने एक बटण दाबलं.

"बाबा, ॲडमिन म्हणून तुमचा नंबर टाकलाय. ओटीपी आला असेल, सांगा."

हिंमतरावांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचा. मग खुर्चीखाली बघितलं.

"खाली हाय," ते म्हणाले. "डब्यावर."

ऋतिकाने त्यांच्या नंबरवर फोन लावला. वाजून वाजून थांबला. बाईंनी हातातला कागद न बघताच सांगितलं, "सोजरबाईंचा स्वतःचा लाव. तो त्या कणकेच्या हातानेही उचलतात." ऋतिकाने बाईंच्या कागदावरून नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. लगेच उचलला गेला.

"कोन?"

"सोजरबाई, मी साहेब बोलतोय," हिंमतराव म्हणाले.

"साहेब तर गच्चीवर गेलेत मीटिंगला."

"अहो, गच्चीवरूनच बोलतोय!"

"हा तर ऋतिकाताईंचा नंबर हाय. तुमी कोन?"

मागे कुणीतरी खोकला दाबला. मी नव्हतो. मी खोकला दाबलाच नाही.

"ते राहू द्या. डब्यावर माझा फोन हाय, त्यात आकडे आलेत, ते वाचा."

"आलेत की. पर हितं लिवलंय, हे कुनाला सांगू नका."

"मला सांगा!"

"काल एकजन असंच म्हनला. बँकेतनं बोलतोय, साहेबांचा दोस्त हाय. त्याला बी न्हाई सांगितला म्या."

"अहो, माझ्याच फोनवर आलाय तो!"

"आला आसंल तुमच्या फोनवर. वाचलाय म्या."

इथे डॉक्टरांचे कंपाउंडर उठून टाकीमागे गेले आणि तिथे हसून आले. सोजरबाई पुढे म्हणाल्या, "आठल्येबाई हायत का तितं? त्यांनी सांगितलं तर सांगते."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. नुसतं गप्प बसायचं होतं, फाईल बचावली असती. मी त्यांना डोळ्यांनी तेच सुचवत होतो. इतकं, की अक्षताने विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. बाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली आणि फोनजवळ वाकल्या.

"सोजरबाई, साहेबच आहेत. सांगा."

"बरं. लिवून घ्या."

त्यांनी एकेक आकडा सावकाश, मंडईत माप घालावं तसा सांगितला. ऋतिकाने टाकला. स्क्रीन लाल झाली.

"एक्स्पायर झाला. थांबा, नवीन मागवते. सोजरबाई, नवीन आला का?"

"आला आसंल. पर फोन बंद पडला."

"बंद कसा? चार्जिंगला आहे ना?"

"व्हता. चटनी वाटायचीय, मिक्सर लावलाय. एकच तर पलग हाय."

आणि मिक्सर सुरू झाला. संपूर्ण सोसायटीने स्पीकरवर खोबऱ्याची चटणी होताना ऐकली. ती थांबेपर्यंत ॲपने हिंमतरावांना संशयित इसम ठरवून कुलूप लावलं होतं. ऋतिका बिचारी हसू आवरत लॅपटॉप मिटून म्हणाली, "बाबा, ॲपमध्येपण तुम्ही सोजरबाईंच्याच आत आहात."

यानंतर ठराव मांडायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. फाईल राहिली, सेक्रेटरी राहिल्या. मीटरच्या दारावरचा कागद तेवढा काढायचा ठरला. तो बापूरावांनी आधीच काढून आपल्या डब्याखाली अंथरला होता. जिना उतरताना हिंमतरावांनी बाईंना गाठलं. आवाज एकदम मऊ, भाषा परत पुस्तकी.

"आठल्येबाई, मला बाहेर कधी काढणार?"

"आपण फोन उचलाल तेव्हा. मी स्वतः मागे सरकवते."

तेव्हापासून हिंमतराव मंडईतसुद्धा गळ्यात फोन अडकवून फिरतात, शाळेतल्या पोराच्या ओळखपत्रासारखा. लावला की पहिल्या रिंगला उचलतात आणि म्हणतात, "थांबा, सोजरबाईंना विचारून सांगतो." बाई अजून विचार करतायत.

पुढच्या पहिल्या रविवारी आमची बेल वाजली. "काही बदल?" बदल नव्हता. अक्षताने चहा टाकला. बाई बशीत चहा ओतेपर्यंत मी त्यांचा कागद नजरेखालून घातला, आणि एक गोष्ट दिसली. दुसरा मजला, आमच्या समोरचा फ्लॅट, आणि त्याखाली ओळच नाही. नुसती कोरी जागा.

मला जरा कसंसंच झालं. पण सवय जात नाही.

"बाई," मी म्हटलं, "अख्खी बिल्डिंग कुणा ना कुणाच्या आत बसवलीत, आणि स्वतःचं नावच नाही. उद्या तुम्हाला गाठायचं झालं तर लोकांनी फोन कुणाला लावायचा?"

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं, मोडू न देता तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "फोन कशाला लावायचा? मी जिन्यात पाऊल टाकलं की तुमचं दार बोटभर उघडतं. मी कुठे गेले ते तुम्हालाच विचारायचं."