फादरना न ऐकवलेली गाणी

आमच्या चर्चच्या स्वयंपाकीण अर्लीनबाई पापियाँ खोटं बोलल्या की त्यांच्या हातचं गंबो, म्हणजे आमच्याकडचं दाट कालवण, खारट होतं. नायजेरियातून नवे फादर ओबिओरा आले आणि चर्चच्या स्वयंपाकघरातलं गंबो खारटच होऊ लागलं. फादर बिचारे घासाघासाला पाणी पीत.

त्याचं असं झालं. आल्या आल्या फादरनी विचारलं, "मिस अर्लीन, तुमच्या लुईझियानात हल्ली काय ऐकतात हो? जुनं नको, आत्ताचं सांगा. मोठ्या शहरातलं सगळं आमच्या रेडिओवर वाजतं. मला तुमच्या गावचं हवंय."

खरं उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. झायडिको! अकॉर्डियन, छातीवर अडकवलेला पत्रा खरवडणारा गडी आणि हल्लीच्या पोरांनी त्यात घातलेला तो धडाधड ठेका. घरी भांडी घासताना बाईंची कंबर त्यावर अशी हलायची की मांजर पळून जायचं. पण फादरना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आधीच्या फादरनी "नाच, घाम आणि बिअर" म्हणून चर्चच्या हॉलला कुलूप ठोकलं होतं. त्याच हॉलमध्ये तरुणपणी अर्लीनबाईंना अल्सीद भेटला होता. पुढे जन्मभर दोघं दर शनिवारी तिथेच नाचले. अल्सीद गेला, मागोमाग हॉल बंद झाला. आता किल्ली नव्या फादरच्या खिशात होती आणि बाईंचा जीव त्या किल्लीत अडकला होता.

मदतनीस डीकन ओविदनं सगळ्यांना अंगणातल्या ओकच्या झाडाखाली जमवून बजावलं होतं, "नवीन माणूस आहे. जरा रुळेपर्यंत सगळे साधू व्हा. मग हळूच हॉलचं काढू."

आमच्या गावाला ही खोड जुनीच. पाद्री दिसला की मान खाली, आवाज बारीक. बाईंनी फादरना संथ भक्तिगीतं ऐकवली. "यंदाचीच आहेत हो," म्हणाल्या, आणि तेवढं मात्र खरं होतं. फादर ज्याला विचारत, तो तसलंच काहीतरी सुचवी. ओविदनं तर कहर केला. घोड्यांच्या जत्रेत ट्रेलरवर चढून शर्ट फिरवणारा हा बाबा, त्यानं कुठल्याशा युरोपातल्या मठातला जप नेऊन दिला. अमेरिकेचं संगीत म्हणे!

आणि रविवारी प्रार्थनेनंतर फादर सूचना द्यायला उभे राहिले.

"तुम्ही फार शांत माणसं आहात," ते पडेल आवाजात म्हणाले. "तो बंद हॉल उघडावा असं माझ्या मनात होतं. पण नाचगाण्यात तुम्हाला गोडी नाही, हे आता कळलं. शेजारच्या चर्चला जुने बाक ठेवायला जागा हवी आहे. उद्या त्यांचा ट्रक येईल."

अर्लीनबाई ताडकन सरळ बसल्या. अल्सीदच्या टाचांनी गुळगुळीत झालेल्या त्या लाकडावर बाक! आणि हे कोणी केलं? आपणच की! शेवटचं भजन त्यांच्याच फोनवरून चर्चच्या भोंग्यावर लागायचं होतं. फोन हातात घेऊन बाई उठल्या.

"फादर, आम्ही तुमच्याशी खोटं बोललो."

"अर्लीन, खाली बस!" ओविद दातांतून म्हणाला.

"तूच बस, मेल्या! जत्रेत शर्ट कोण फिरवतं ते सांगू का?"

आणि बाईंनी बटण दाबलं. अकॉर्डियन असं उसळलं की मेणबत्त्यासुद्धा दचकल्या असतील. मागून पत्रा खरखरला आणि कोणी पोरगा ओरडून गाऊ लागला की घोडा विकीन पण सासऱ्याच्या दारी नाचूनच जाईन. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे खांदे आपोआप हलायला लागले. ओविदनं डोळे मिटले, पण पाय काही त्याचं ऐकेना.

फादर जागचे हलले नाहीत. गाणं संपलं. बाईंना वाटलं, आता किल्लीही गेली आणि नोकरीही गेली.

"हे कधीचं?" फादरनी विचारलं.

"मागच्या महिन्यातलं. आपल्या लॉटेल गावच्या पोरांचं."

"आणि इतके दिवस मला ते झोपेचं औषध पाजत होतात?" फादर ओरडलेच. "अहो, आमच्याकडे दान द्यायला माणसं वेदीपर्यंत नाचत येतात! मला वाटलं, देवानं मला कुठल्या गावात आणून टाकलं! बदली मागणार होतो मी! मिस अर्लीन, लावा परत!"

मग काय विचारता! अख्खं चर्च दान द्यायच्या रांगेत असावं तसं हॉलकडे नाचत निघालं. सगळ्यात पुढे ओविद, शर्ट अजून अंगात होता एवढंच नशीब. फादरनी कुलूप काढलं. आत धुळीचा वास होता, आणि लाकूड तसंच चकाकत होतं.

अर्लीनबाई उंबऱ्यात अडखळल्या. अल्सीद गेल्यापासून त्यांनी इथे पाऊल ठेवलं नव्हतं. फादरनी हात पुढे केला. "मला येत नाही. शिकवा."

"डावा पाय आधी, फादर. ऐकताय ना? डावा."

फादरनी दणकन उजवा टाकला, तो थेट बाईंच्या अंगठ्यावर. बाई किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या, इतक्या की डोळ्यांतून धारा लागल्या.

"फार लागलं का हो?" फादर घाबरले.

"छे हो," बाई तळहातानं डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी इथेच, ह्याच अंगठ्यावर पाय दिला होता. चला, पुन्हा पहिल्यापासून."