खाटेवरून न दिसणारी खिडकी

मंडळी, आज सकाळी कुडाळच्या एका नव्या हॉस्पिटलात आई गोळी घेईना. सूर्याला हात जोडल्याशिवाय ती पाणीही पीत नाही. वॉर्डातली एकुलती खिडकी तिच्या उशामागे, माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर, आणि काच दुधी.

"झिला, सूर्य खंय रे?" तिने मला विचारलं.

नर्स म्हणाली, "आजी, ट्यूबलाइट आसा मा, तिकाच हात जोडा."

आई हसली नाही. शेवटी तिला व्हीलचेअरवरून पार्किंगमध्ये नेलं, तेव्हा गोळी पोटात गेली.

बांधकाम मी कॉलेजात नाही, कामावर शिकलो. मालवणच्या हॉटेलात पर्यटकाला पडल्या पडल्या समुद्र दिसावा म्हणून खिडक्या मी गुडघ्याएवढ्या उंचीवर घेतल्या. मालकानेच तसं सांगितलं होतं.

उठता न येणाऱ्याला काय दिसेल, हे मात्र हॉस्पिटल बांधणाऱ्याला कोणीच का सांगत नाही?