घरामागचा कसावा

असेकेन्येच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं, असं तेसो मुलखातल्या त्या गावात कधी घडलं नव्हतं. तिथं कसाव्याच्या काड्या विकायची रीत नाही. लागवडीच्या आधी शेजारणीकडे जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि उठता उठता म्हणायचं, "काड्या आहेत का गं थोड्या?" नाही म्हणणारी बाई कद्रू ठरते, मग ती चर्चमध्ये कितीही गोड गात असो. असेकेन्येकडे मूठभर मागावं तर ती भारा बांधून द्यायची. या सैल हाताचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

आपण ज्याचा साबुदाणा करून उपासाला खातो, तेच हे कंद. तिथं ते उपास घडू नये म्हणून खातात. वाळवायचे, कुटायचे, ज्वारीच्या पिठात मिसळून घट्ट घोटायचे. तो आताप ताटात पडला की दिवस भागला. त्यामुळे कंद आतून सडायला लागले तेव्हा गावाच्या तोंडचं पाणी पळालं. वरून झाड हिरवंगार दिसायचं. उपटून चिरावं तर आत तपकिरी, बुचासारखा कोरडा, कडू गर. कोंबड्याही तोंड लावेनात.

मग अमुगे आली. पलीकडच्या गावची, शेतीचं शिकलेली मुलगी. परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका प्रकल्पात तिला नोकरी लागली होती. काचेच्या नळीत वाढवलेली, रोगाचा लवलेश नसलेली रोपं तिनं आणली. गावात एकीनं त्यांचा मळा करायचा आणि त्याच्या काड्या पुढच्या हंगामात सगळ्यांना वाटायच्या, असा बेत होता. मळा कुणाला द्यायचा यावर वादच झाला नाही. सगळ्यांनी असेकेन्येकडे बोट दाखवलं.

"तोतो एचोडू," अमुगे म्हणाली. तोतो म्हणजे आई. एचोडू हा असेकेन्येचा कंपालाला गेलेला मुलगा. "एकच गोष्ट पाळा. जुनं एकही झाड ठेवायचं नाही. पांढरी माशी जुन्यावर बसते आणि तोच रोग नव्यावर आणून सोडते."

"एकही नाही ठेवणार, बाळ," असेकेन्येनं सांगितलं.

शेतातली जुनी झाडं तिनं उपटली, जाळलीसुद्धा. घरामागची मात्र तिच्यानं उपटवेनात. तो तिच्या माहेरचा वाण होता. लग्नात आईनं बांधून दिलेल्या काड्यांपासून वाढवलेला. बंदूकवाले आले आणि सगळं गाव छावणीत पळालं, तेव्हा हिनं भांडीकुंडी सोडली आणि त्या काड्या लुगड्यात गुंडाळून नेल्या. नुसता उकडून खाल्ला तरी गोड लागणारा. गोड म्हणून ती तो कोवळाच काढायची, त्यामुळे आतला डाग तिला कधी दिसलाच नाही. याला कुठला आलाय रोग, असं तिनं स्वतःला समजावलं. अमुगे पाहणीला यायची तेव्हा तिला पुढच्या अंगणात सावलीला बसवायची, भाजलेले शेंगदाणे पुढे ठेवायची. मागे काय आहे, हे मुलीनं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

हंगाम आला तेव्हा काड्या वाटल्या गेल्या. त्या दिवशी बायकांनी असेकेन्येच्या नावाचं गाणं रचून म्हटलं. वर्षानं गावानं कंद खणले. घरोघरी विळे चालले आणि घरोघरी तोच तपकिरी गर निघाला.

चिंचेखाली सभा भरली. अमुगेला मधोमध उभं केलं.

"काचेत वाढलेली पोर आमच्या मातीत नांदते होय?" म्हातारा ओमोडिंग म्हणाला. लोक हसले, पण त्या हसण्यात राग होता.

"हे घेऊन जा आणि तुझ्या गोऱ्या साहेबांना उकडून घाल," मागून कुणी बोललं.

"रोपं दिली तेव्हा ती निरोगी होती, पापा," अमुगे हळू म्हणाली. "रोग इथंच कुठून तरी आला." ती असेकेन्येकडे वळली. "तोतो, तुमच्याकडे जुनं काही राहिलं नव्हतं ना?"

एवढा एकच प्रश्न. सगळ्यांच्या माना असेकेन्येकडे वळल्या, आणि त्या नजरांत संशय नव्हता, माया होती. तीच आडवी आली.

"नव्हतं," ती म्हणाली.

"बघा! आता गरीब बाईवर ढकलते," ओमोडिंग उसळला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात कुठलंच गाव मागे नसतं. धुळीतून सायकल ढकलत अमुगे निघून गेली आणि तिच्या पाठीवर लोक बोलत राहिले.

टंचाईचे महिने आले. लोक एकदाच जेवू लागले. शेजारीण अपोलोट आपल्या घासातला घास झाकून असेकेन्येला आणून द्यायची. "तुझं सगळ्यात जास्त गेलं गं. एवढा मळा राखलास आमच्यासाठी." असेकेन्येला तो घास गिळवेना आणि परतही देता येईना. अपोलोटची नात दारात उभी राहून त्या ताटाकडे पाहायची. आपण चोरी करून वर आहेर घेतोय, असं असेकेन्येला वाटायचं. लाज अशी की माणसं समोरून आली तर ती वाट बदलायची, आणि लोक म्हणायचे, बिचारी खचली.

शेवटी तिनं घरामागचं, बरेच दिवस जमिनीत राहिलेलं एक झाड उपटलं आणि कंद चिरला. काय निघणार हे तिला चिरण्याआधीच ठाऊक होतं.

रविवारी ओमोडिंगच्या अंगणात म्हातारी मंडळी आजोनच्या, म्हणजे नाचणीच्या दारूच्या, मडक्याभोवती लांब नळ्या लावून बसली होती. असेकेन्येनं तो कंद मधे ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

"उगाच अंगावर घेऊ नकोस," कुणी म्हणालं. "तुझा स्वभाव माहीत आहे आम्हाला."

"या आणि बघा माझ्या घरामागे," ती म्हणाली.

ते गेले. झुडपं पाहिली. कुणी शिवी दिली नाही; शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अपोलोट तेवढी म्हणाली, "माझी नात उपाशी निजली गं तुला घालून." ओमोडिंगनं काठी टेकली. "त्या मुलीला आपण हाकललं. आता तूच जा, तुझ्या पायांनी, आणि तिला घेऊन ये."

असेकेन्ये चालत गेली. अमुगे आईच्या घरी ज्वारी निवडत होती. म्हातारं माणूस दिसताच रीतीप्रमाणे तिनं गुडघे टेकले आणि असेकेन्येचा हात दोन्ही हातांत घेतला. असेकेन्ये म्हणाली, "ऊठ बाळ, मला गुडघे टेकू नकोस." मुलगी उठली नाही. तसंच बसून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी आता तिथं नाही, तोतो. त्या सभेनंतर मला कामावरून कमी केलं. तुमच्या गावचा मळाही दुसऱ्या गावाला गेला. माझ्या जागी आलेल्या बाईंना सांगून बघते, पण यंदा काही मिळणार नाही."

"माझ्यामुळे," असेकेन्ये म्हणाली. "तुला खरं कळलं असतं तर—"

"माहीत होतं मला. सभेच्या दिवशी मी तुमच्या घरामागच्या पायवाटेनं आले होते. झुडपं पाहिली होती."

असेकेन्येनं विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या," अमुगे म्हणाली. "चारचौघांत तुम्हाला खोटं कसं पाडू? म्हणून तर विचारलं. वाटलं, तुम्हीच सांगाल."