आईच्या बर्फाचं शून्य

बी.एस्सी.च्या शेवटच्या प्रॅक्टिकलला मी दुसऱ्यांदा बसले होते. यंदाही नापास झाले तर दादरच्या मासळी बाजारात आईच्या शेजारी माशांची पाटी घेऊन बसायचं, हे घरात ठरलेलं. आदल्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर "लॅबचा फ्रीज बंद, बर्फ कोण आणेल?" असं आलं, तेव्हा शहाणपणा करून मीच "मी" म्हटलं. सकाळी आईने बर्फाने डबा भरून दिला.

चिठ्ठीत नेमका मला हवेचा प्रयोग आला. काचेच्या फुग्यात कोंडलेली हवा आणि तिचा दाब दाखवणारी पाऱ्याची नळी. फुगा बर्फात ठेवून दाब मोजायचा, मग वाफेत. बर्फ म्हणजे शून्य, वाफ म्हणजे शंभर. तिथे थर्मामीटर लावायचाच नाही. कागदावर दोन बिंदू जोडून रेघ मागे न्यायची. दाब जिथे संपतो तिथे उणे दोनशे त्र्याहत्तर यायला हवं.

माझं उणे दोनशे सेहेचाळीस आलं. पुन्हा मोजलं, तेवढंच.

शेजारची कुजबुजली, "बिंदू सरकव ना जरा, कोण बघतंय!"

खोडरबर हातात घेतलाही. पण घाबरले की माझं नख तोंडात जातं. बर्फाच्या पाण्याने ओलं झालेलं ते नख तोंडात गेलं, आणि जिभेला खारट लागलं. मासळीच्या बर्फाला मारतात तसं आईने याला मीठ मारलं होतं. म्हणजे तो शून्याच्या बराच खाली होता.

परीक्षक समोर उभे. "बर्फ कुठला?"

बाजारातला म्हटलं तर हसतील, खोटं बोलले तर पकडतील. "आईच्या पाटीतला, सर. मीठ आहे त्यात."

ते हसले नाहीत. "मग त्याला शून्य म्हणू नकोस. दाब संपतो तिथे शून्य धर आणि वाफ तीनशे त्र्याहत्तर. आता हवेलाच विचार, बर्फ किती गार होता."

दोन दाबांचा भागाकार केला आणि तीनशे त्र्याहत्तरने गुणलं. दोनशे पासष्ट आलं, म्हणजे दोनशे त्र्याहत्तरला आठ कमी, उणे आठ. त्यांनी सही केली आणि पुढे गेले.

महिन्याने कळलं, पास झाले. पण त्या संध्याकाळी काहीच माहीत नव्हतं. बाजारात गेले तर आईच्या शेजारी एक नवी पाटी धुऊन उपडी ठेवलेली.

"बरफ पुरला ना गं? गार राहावा म्हणून मीठ मारलेलं मुद्दाम."

"पुरला."

तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेऊन ठेवलीय खरी. पण तू नको गं बसूस इथे." तिचा आवाज माझ्याहून जास्त घाबरलेला होता.