दामूअण्णांचा दुसरा नारळ

ऑफिसात फायली साचायच्या, निवृत्तीनंतर किस्से साचतात. फरक एवढाच, की किस्से लोक स्वतःहून मागतात. आम्ही चार म्हातारे रत्नागिरीत सायकली हाणतो आणि निम्मे किस्से एकट्या दामूअण्णांचे. अण्णा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, वय बहात्तर.

यंदा मुलगा संदेश त्यांना कायमचं मुंबईला न्यायला निघाला. अण्णांनी अट घातली : भाऊबीजेला चिपळूणला आक्काकडे, म्हणजे बहिणीकडे, सायकलने पोचलो तर रत्नागिरी सोडणार नाही. वाटेत गाडीत बसलो, तर नेशील तिथे येईन.

संदेशने हसत मान्य केलं. त्याच्या मोबाइलवर वडिलांचं लोकेशन दिसायचं, आणि अण्णा रोज सकाळी चार तास वाचनालयात असत. निदान त्यांचा फोन तरी असे!

*

डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, पण चढ टाळा."

त्यांचा दवाखाना टेकडीवर. अण्णा म्हणाले, "मग पुढच्या वेळी तपासायला तुम्हीच खाली या."

*

सराव गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर. आरे-वारेच्या चढाला एका पर्यटकाने काच खाली करून विचारलं, "आजोबा, लिफ्ट देऊ?" अण्णांनी हात जोडले.

पुळ्याला पार्किंगसाठी ही रांग. तीच गाडी मधोमध अडकलेली. अण्णांनी सायकल शेजारी लावली, काचेवर टकटक केली आणि विचारलं, "लिफ्ट देऊ?"

*

निघायच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि आपण हात जोडून होकार भरायचा, ही सवय लहानपणापासूनची. अण्णांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, आदल्या दिवशी गुरवाला गाठलंय हे कुणाला ठाऊक!

"चाकरमान्यांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"दामूच्या डोक्यातला सायकलीचा याड जाव दे."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज अण्णांचा.

अण्णांनी गुरवाला हे मागणं रद्द करायला सांगितलं. गुरव म्हणाला, त्याला वेगळा नारळ लागेल.

अण्णा सायकलवर टांग टाकून गेले आणि दुसरा नारळ घेऊन आले.

*

नव्वदएक किलोमीटर. संदेश गाडी घेऊन मागोमाग, पुढचं दार उघडायच्या तयारीत. सावर्ड्याच्या पुढे चढाला अण्णा उतरले आणि सायकल ढकलू लागले. संदेश धावत आला.

"हात लावायचा तर सायकलला लाव," अण्णा म्हणाले. "मला नको."

दोघांनी मिळून सायकल वर नेली. मग अण्णा पुन्हा बसले ते थेट आक्काच्या अंगणात उतरले. आक्का ऐंशीची, काठी टेकत ओवाळणीचं तबक घेऊन दारात उभी.

संदेश घाम पुसत म्हणाला, "आत्या, तू तरी सांग यांना. हे काय वय आहे?"

आक्काने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू कसा आलास?"

"गाडीने."

"मग दमला असशील. बस, पाणी आणते."